जुना लॅपटॉप : पडद्याचे दोष आणि त्यांवरील उपाय

शहरात नोकरीस असलेल्या थोरल्या भावाने नवा लॅपटॉप घेतला की जुना लॅपटॉप गावाकडे धाकट्या भावंडांच्या हाती येतो, हा आता अनेक कुटुंबांतील परिपाठ झाला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, महाविद्यालयातील प्रवेश, सातबाराचा उतारा, स्पर्धा परीक्षेची तयारी अशी कितीतरी कामे त्या एका यंत्रावर होत असतात. दहा-बारा वर्षे इमानेइतबारे चाललेले असे यंत्र एके दिवशी सुरू करावे, तर पडद्यावरील अक्षरे पसरट व पुसट दिसू लागतात, चित्रफीत अडखळत चालते किंवा बोधचिन्ह दिसून गेल्यावर पडदा काळाच राहतो. अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली असते. दुरुस्तीच्या दुकानात नेल्यास ‘मदरबोर्ड गेला’ असे निदान ऐकावयास मिळते आणि नव्या मदरबोर्डाची किंमत जुन्या यंत्राच्या किमतीहून अधिक असल्याने ते यंत्र कायमचे अडगळीत जाते.

वस्तुतः पडद्याचा प्रत्येक दोष यंत्राच्या नाशामुळे उद्भवतो असे नाही. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून, पडद्याचा कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीचा, म्हणजेच डिस्प्ले ड्रायव्हरचा असतो. आणि असा दोष एक रुपयाही खर्च न करता, केवळ क्रमाने विचार केल्यास, घरच्या घरी दूर करता येतो. हा क्रम कोणता, तो तसाच का पाळावयाचा आणि कोठे थांबावयाचे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

पडद्यावर चित्र कसे उमटते?

साधारणतः २०१०च्या सुमारास घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपांचा पडदा आडवे १३६६ व उभे ७६८ अशा ठिपक्यांचा असतो. या दोन संख्यांचा गुणाकार केला असता १० लाख ४९ हजार ८८ ठिपके होतात. पडद्यावरील चित्र सेकंदास साठ वेळा नव्याने रंगविले जाते, असे धरले तर दर सेकंदास सुमारे ६ कोटी २९ लाख ठिपक्यांचा हिशेब ठेवावा लागतो. हे काम ग्राफिक्स चिपकडे असते. ती चिप कधी मुख्य प्रोसेसरमध्येच सामावलेली असते, तर कधी मदरबोर्डावर स्वतंत्रपणे बसविलेली असते.

परंतु प्रत्येक कंपनीच्या चिपची अंतर्गत रचना निराळी असते. विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीस ती परस्पर समजत नाही. कार्यप्रणालीने ‘येथे एक खिडकी काढा’ असे सांगावयाचे आणि ती आज्ञा त्या विशिष्ट चिपच्या बोलीत उतरवून द्यावयाची, हे दुभाष्याचे काम ड्रायव्हर करतो. दुभाषी गैरहजर असला, जुना झाला किंवा भलत्याच बोलीचा जाणकार असला, तर दोन्ही पक्ष सुस्थितीत असूनही व्यवहार अडतो. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत नेमके हेच घडते.

दुभाषी गैरहजर असतानाही पडदा अगदीच कोरा का राहत नाही, याचेही कारण पाहण्याजोगे आहे. आय.बी.एम. कंपनीने १९८७ मध्ये आपल्या संगणकांत व्हीजीए ही चित्रपद्धती आणली. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांची ती पद्धती पुढे सर्वच उत्पादकांनी उचलली. त्यानंतर व्हेसा या संस्थेने ठरविलेली मानके आणि अलीकडील यूईएफआय पद्धती यांमुळे, कोणत्याही चिपकडून तिचा खास ड्रायव्हर नसतानाही कामचलाऊ चित्र मिळविता येते. विंडोज ८ पासून पुढील आवृत्त्यांत हे काम करणाऱ्या सर्वसाधारण ड्रायव्हरला ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ असे नाव आहे. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील विवेचनात त्याचा पुन्हा संबंध येणार आहे.

आरंभी माहितीचा बंदोबस्त

कोणत्याही उपायास हात घालण्यापूर्वी एक काम अवश्य उरकावे. यंत्रातील छायाचित्रे, गुणपत्रिकांच्या प्रती, हिशेब, अर्जांच्या पावत्या यांची नक्कल पेनड्राइव्हवर किंवा बाहेरील हार्ड डिस्कवर करून ठेवावी. पडदा अंधुक वा वेडावाकडा दिसत असला तरी जोवर काही दिसते आहे तोवर हे काम होऊ शकते. पडदा पूर्ण काळा असल्यास, यंत्रास घरातील दूरचित्रवाणी संच किंवा दुसरा मॉनिटर जोडून पाहावे. जुन्या लॅपटॉपला व्हीजीए अथवा एचडीएमआय यांपैकी एक जोडणी बहुधा असतेच. ड्रायव्हर पुन्हा बसविता येतो, विंडोजही पुन्हा बसविता येते; परंतु एकदा गेलेली छायाचित्रे परत मिळतीलच याची शाश्वती नसते.

दोष यंत्राचा की ड्रायव्हरचा?

हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा होय आणि त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. यंत्र सुरू करताच उत्पादकाने नेमून दिलेली कळ दाबून बायोसच्या पानात शिरावे. ही कळ काही यंत्रांत एफ २, काहींत एफ १० किंवा डिलीट असते. बायोसचे पान दिसते तेव्हा विंडोज अद्याप सुरू झालेले नसते आणि म्हणून विंडोजचा ड्रायव्हरही कामावर आलेला नसतो. या पानावरही उभ्या-आडव्या रेषा, रंगीत ठिपके वा लकाकी दिसत असेल, तर दोष ड्रायव्हरचा नव्हे असे निश्चित समजावे. उलट, बायोसचे पान स्वच्छ असून विंडोज सुरू झाल्यावरच बिघाड दिसत असेल, तर संशयाची सुई ड्रायव्हरकडे वळते.

यंत्राचा दोष आहे असे ठरल्यास तो नेमका कोठे आहे हेही पुष्कळ अंशी कळू शकते. बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर त्यावर चित्र स्वच्छ येत असेल, तर ग्राफिक्स चिप शाबूत असून बिघाड लॅपटॉपच्या पडद्यात वा त्याकडे जाणाऱ्या केबलमध्ये आहे. झाकण पुढेमागे हलविताच चित्र जाते-येते असे आढळल्यास बिजागरीतून जाणारी केबल झिजली आहे किंवा सैल झाली आहे, असा तर्क करावा. पडदा काळा आहे, पण अंधारात विजेरीचा झोत तिरपा धरला असता चित्र अस्पष्ट दिसते, असे झाल्यास चित्र तयार होत असून पडद्यामागील दिवाच बंद पडला आहे. एलईडी दिवे रूढ होण्यापूर्वीच्या लॅपटॉपांत बारीक नळीचा दिवा व त्यास वीज पुरविणारा इन्व्हर्टर असे. वय झाल्यावर हे दोन्ही भाग निकामी होतात. या तिन्ही दुरुस्त्या मदरबोर्ड बदलण्याहून पुष्कळ कमी खर्चाच्या आहेत. दुकानात जाताना ही निरीक्षणे कागदावर लिहून नेल्यास दुरुस्ती करणाऱ्याचे काम सोपे होते आणि ग्राहकाची फसगतही टळते.

बाहेरच्या मॉनिटरवरही बायोसच्या पानापासूनच रेषा व ठिपके दिसत असतील, तर मात्र ग्राफिक्स चिप किंवा तिची स्मृती बिघडली असण्याचा संभव अधिक. एका काळातील काही चिपांत असा दोष मुळातच होता. लॅपटॉपसाठी बनविलेल्या आपल्या काही जुन्या चिपांतील बांधणीच्या सदोष द्रव्यामुळे येणाऱ्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद करीत असल्याचे एनव्हिडिया कंपनीने जुलै २००८ मध्ये जाहीर केले होते. अशा चिपवर ड्रायव्हर कितीही वेळा बदलला तरी गुण येत नाही.

एक उदाहरण

आता ड्रायव्हरच्या दोषाचे प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. २०११ मध्ये विकत घेतलेला, इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरचा एक लॅपटॉप आहे. त्याच्या प्रोसेसरमध्येच ‘एचडी ग्राफिक्स ३०००’ ही चिप आहे. यंत्राबरोबर विंडोज ७ आले होते. त्या आवृत्तीस मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी संपले, म्हणून घरातील कोणी त्यावर विंडोज १० बसविले. यंत्र सुरू झाले; पण अक्षरे पसरट दिसू लागली. वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे पुसट झाल्याने मराठी मजकूर वाचताना डोळे शिणू लागले. उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा चालेनाशा झाल्या, ‘स्लीप’चा पर्याय नाहीसा झाला आणि व्याख्यानांच्या चित्रफिती अडखळू लागल्या.

ही चारही लक्षणे एकाच कारणाची आहेत. विंडोजला या चिपचा खास ड्रायव्हर न मिळाल्याने त्याने आधी उल्लेखिलेला बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर कामास लावला. हा सर्वसाधारण ड्रायव्हर बहुधा १०२४ गुणिले ७६८ असे आकारमान देतो. ते १३६६ ठिपके रुंदीच्या पडद्यावर ताणले गेल्याने अक्षरे पसरट दिसतात. उजेडाचे नियंत्रण व यंत्र झोपविणे ही कामे त्याच्या आवाक्याबाहेरची असतात. चित्रफीत उलगडण्याचे जे काम चिपने करावयाचे, ते सारे मुख्य प्रोसेसरवर पडते आणि तो धापा टाकू लागतो. थोडक्यात, यंत्र बिघडलेले नसून दुभाषी मिळालेला नाही, एवढाच याचा अर्थ.

डिव्हाइस मॅनेजरची साक्ष

या तर्काचा पडताळा विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर या पानावर घेता येतो. स्टार्टच्या चिन्हावर उजवी कळ दाबली असता हे नाव यादीत दिसते. तेथील ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स’ या शीर्षकाखाली चिपचे खरे नाव असावयास हवे. त्याऐवजी बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर असे दिसल्यास ड्रायव्हर बसलेला नाही हे उघड होते. नावापुढे पिवळा त्रिकोण असल्यास त्या नावावर दोनदा टिचकी मारून स्थितीचा मजकूर वाचावा. तेथील सांकेतिक क्रमांक बोलका असतो. क्रमांक २८ म्हणजे ड्रायव्हर बसविलेलाच नाही. क्रमांक १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. क्रमांक ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच अडचण कळविल्याने विंडोजने ते थांबविले आहे. हा क्रमांक ड्रायव्हरच्या दोषानेही येतो आणि चिपच्या बिघाडानेही येतो, म्हणून त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

चिपचे नावच ठाऊक नसेल तर ‘डिटेल्स’ या पानावर हार्डवेअर आयडी पाहावा. त्यातील ‘व्हेन’ या खुणेपुढील चार अक्षरे उत्पादकाची ओळख सांगतात. ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया आणि १००२ म्हणजे एएमडी किंवा तिने विकत घेतलेली एटीआय. त्यापुढील ‘डेव्ह’ या खुणेची चार अक्षरे नेमकी चिप कोणती ते सांगतात. ही आठ अक्षरे टिपून ठेवली की योग्य ड्रायव्हर शोधताना अंदाजावर विसंबावे लागत नाही.

पडदा काळा राहिल्यास

कधी कधी अपडेट झाल्यानंतर बोधचिन्ह दिसते आणि मग पडदा काळा होतो. अशा वेळी प्रथम विंडोजचे चिन्ह असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून पाहाव्यात. विंडोज १० व ११ मध्ये या कळांनी ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आले तर यंत्र जिवंत असून ड्रायव्हर अडकला होता, हे सिद्ध होते.

तेवढ्याने न भागल्यास सेफ मोडचा आश्रय घ्यावा. या अवस्थेत विंडोज केवळ अत्यावश्यक आज्ञावलींवर चालते आणि पडद्यासाठी खास ड्रायव्हर न वापरता सर्वसाधारण ड्रायव्हरच वापरते. विंडोज ७ मध्ये यंत्र सुरू होताना एफ ८ ही कळ दाबावी. विंडोज १० मध्ये शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ निवडावे आणि पुढे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या क्रमाने जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ४ हा अंक दाबावा. पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर विंडोज सुरू होत असतानाच वीजेची कळ दाबून धरून यंत्र बंद करावे. असे लागोपाठ दोन-तीनदा केल्यास विंडोज आपण होऊन दुरुस्तीचे पान पुढे आणते.

सेफ मोडमध्ये चित्र स्थिर राहिले, तर ड्रायव्हरवरील संशय बळावतो. तो पूर्ण सिद्ध मात्र होत नाही. कारण या अवस्थेत चिपवर भार अत्यल्प असल्याने दुबळी झालेली चिपही तेथे तग धरू शकते. हा भेद लक्षात ठेवला म्हणजे पुढे निराशा होत नाही.

सेफ मोडमध्ये गेल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधील ड्रायव्हरच्या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण पाहावे. पूर्वीचा ड्रायव्हर यंत्रात जपून ठेवलेला असेल तर हे बटण उपलब्ध असते आणि त्यायोगे अपडेटपूर्वीची स्थिती परत येते. बटण अंधुक दिसत असल्यास ‘सिस्टिम रीस्टोअर’ची सोय पूर्वी सुरू केली होती का, ते पाहावे. तीही नसेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडून, सोबतची ड्रायव्हर पुसण्याची चौकट खूण करून, जुना ड्रायव्हर काढून टाकावा आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. या वेळी इंटरनेट तोडून ठेवणे इष्ट. अन्यथा विंडोज तोच सदोष ड्रायव्हर लगेच परत आणून बसविण्याचा संभव असतो.

ड्रायव्हर कोठून घ्यावा?

येथे सर्वाधिक सावधगिरी हवी. पहिला मान लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळाचा. यंत्राच्या तळाशी असलेला मॉडेल क्रमांक तेथे दिल्यास त्या यंत्रासाठी तपासलेले ड्रायव्हर मिळतात. लॅपटॉपमध्ये पडद्याच्या उजेडाचे नियंत्रण व वीजबचत यांसाठी उत्पादक काही खास जुळणी करतात. म्हणूनच इंटेलचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवू पाहता, ‘हा ड्रायव्हर या संगणकासाठी तपासलेला नाही, तो उत्पादकाकडून घ्यावा’ अशा आशयाची सूचना काही यंत्रांवर येते. दुसरा मान चिप बनविणाऱ्या कंपनीचा आणि तिसरा विंडोज अपडेटचा.

आपल्या उदाहरणातील यंत्रास तिसराच मार्ग उपयोगी पडतो. इंटेलने दुसऱ्या पिढीच्या या चिपसाठी विंडोज १० ला अधिकृत पाठबळ दिले नाही. परंतु विंडोज अपडेटमधून ९.१७.१०.४४५९ या क्रमांकाचा ड्रायव्हर मिळतो आणि बहुतेक यंत्रांवर तो समाधानकारक चालतो. यंत्र इंटरनेटला जोडून अपडेट तपासण्याची आज्ञा द्यावी, ऐच्छिक अपडेटच्या यादीतही पाहावे आणि ड्रायव्हर उतरून बसेपर्यंत धीर धरावा. चित्र एकाएकी रेखीव झाले आणि उजेडाच्या कळा चालू लागल्या की काम फत्ते झाले असे समजावे.

ड्रायव्हर निवडताना विंडोज ३२ बिटचे की ६४ बिटचे, हे पाहणेही अगत्याचे आहे. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. काही छोट्या, स्वस्त नेटबुकांतील ‘जीएमए ३६००’ या चिपसाठी ३२ बिटच्या विंडोज ७ पुरताच ड्रायव्हर निघाला; अशा यंत्रावर ६४ बिटची नवी आवृत्ती बसविणे म्हणजे आपणहून अडचण ओढवून घेणे होय. विंडोज नव्याने बसविताना प्रथम चिपसेटचा ड्रायव्हर आणि नंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, असा क्रम ठेवावा.

इंटरनेटवर ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका टिचकीत अद्ययावत करतो’ असे आश्वासन देणाऱ्या अनेक आज्ञावली आढळतात. त्यांपैकी कित्येक निरुपयोगी, तर काही घातक असतात. मोफत तपासणी करून शेकडो दोष असल्याचे भासवावयाचे आणि मग पैसे मागावयाचे, ही त्यांची रीत असते. ‘तुमच्या संगणकात बिघाड आहे, आम्ही दुरून दुरुस्त करतो’ असे दूरध्वनी येतात, तेही याच जातीचे. अशा व्यक्तीस यंत्राचा ताबा वा बँकेचा तपशील कदापि देऊ नये. पैशांची फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

उष्णतेचा परिणाम

‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबविले होते, आता तो पूर्ववत झाला आहे’ अशा अर्थाची सूचना पुष्कळांनी पाहिली असेल. २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अशी व्यवस्था आहे की, ग्राफिक्स चिपने दिलेले काम दोन सेकंदांत आटोपले नाही व ती अडकली आहे असे वाटले, तर विंडोज ड्रायव्हर आपणहून नव्याने सुरू करते. ही सूचना क्वचित आली तर चिंतेचे कारण नाही. परंतु ती वारंवार येऊ लागली आणि ड्रायव्हर बदलूनही थांबली नाही, तर यंत्र तापते का ते पाहावे.

जुन्या लॅपटॉपच्या पंख्यात व त्यापुढील जाळीत वर्षानुवर्षांची धूळ साचून नमद्यासारखा थर झालेला असतो. चिप आणि तिची उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी यांच्यामधील लेप वाळलेला असतो. त्यातून विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा आणि गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करण्याची सवय यांची भर पडली की हवा जाण्याचा मार्गच खुंटतो. सकाळी नीट चालणारे यंत्र दुपारी अडखळत असेल, तर ही खूण उष्णतेकडे बोट दाखविते. पंखा साफ करून नवा लेप लावून घेणे हे जाणकाराचे काम असले, तरी ते फारसे खर्चाचे नाही. लॅपटॉप नेहमी टणक व सपाट पृष्ठभागावर ठेवणे तर प्रत्येकाच्या हाती आहे. त्याच वेळी तळाकडील भाग वा टचपॅड उचलल्यासारखा दिसतो का, तेही पाहावे. फुगलेली बॅटरी धोकादायक असते. ती न टोचता, न दाबता ताबडतोब जाणकाराकडून काढून घ्यावी.

दोन चिपांचे यंत्र

काही लॅपटॉपांत प्रोसेसरमधील साधी चिप आणि एनव्हिडिया किंवा एएमडीची अधिक शक्तिमान चिप अशा दोन चिपा असतात. एनव्हिडियाने ऑप्टिमस ही अशी पद्धती २०१० मध्ये आणली. त्यात पडद्याकडे चित्र धाडण्याचे काम साध्या चिपकडेच असते. जड काम आले की शक्तिमान चिप मदतीस येते. अशा यंत्रावर दोन्ही ड्रायव्हर लागतात, आणि साध्या चिपचा ड्रायव्हर आधी बसवावा लागतो. शक्तिमान चिप बिघडल्यामुळे यंत्र वारंवार बंद पडत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये तीच तेवढी ‘डिसेबल’ करून पाहावी. खेळांचा वेग जाईल. पण अर्ज भरणे, लेखन करणे व व्याख्याने पाहणे यांसाठी यंत्र पुन्हा उभे राहू शकेल.

ड्रायव्हर मिळतच नसेल तर

उत्पादक कंपन्या जुन्या चिपांचे पाठबळ कालांतराने काढून घेतात, हे वास्तव आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव योजना कंपनीने जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आवश्यक ठरविली असल्याने आपल्या उदाहरणातील यंत्र त्यास पात्र ठरत नाही. मग ते टाकून द्यावयाचे काय?

येथे लिनक्सचा पर्याय विचारात घ्यावा. लिनक्समध्ये इंटेल, एएमडी व एनव्हिडिया यांच्या अनेक जुन्या चिपांचे मुक्त ड्रायव्हर गाभ्यातच समाविष्ट असतात, ते वेगळे शोधावे लागत नाहीत. विशेषतः इंटेलच्या जुन्या चिपांना तेथे चांगले पाठबळ आहे. एनव्हिडियाच्या जुन्या चिपांसाठी ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर आहे. त्याचा वेग कंपनीच्या ड्रायव्हरहून कमी असला तरी साध्या कामास तो पुरतो. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, हार्ड डिस्कला धक्का न लावता, यंत्र त्यावरून चालवून पाहता येते. हीच गोष्ट परीक्षेचे साधन म्हणूनही उपयोगी आहे. विंडोजवर बिघडणारे चित्र लिनक्सवर तासभर काम करूनही स्वच्छ राहिले, तर चिप शाबूत आहे असा भरवसा बाळगण्यास हरकत नाही.

लिनक्स सुरू होताना पडदा काळा झाल्यास, आरंभीच्या यादीवर ई ही कळ दाबून, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावा आणि एफ १० दाबावे. त्यामुळे खास ड्रायव्हर बाजूस राहून साधे चित्र मिळते. हा तात्पुरता आधार होय. एकदा आत शिरल्यावर योग्य ड्रायव्हरची व्यवस्था करून तो काढून टाकावा. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेनेही लिनक्सवर आधारित ‘बॉस’ ही कार्यप्रणाली विकसित केली असून तीत मराठीसह भारतीय भाषांत काम करण्याची सोय आहे.

कोठे थांबावे?

उपायांनाही मर्यादा असते. बाहेरच्या मॉनिटरवरही बायोसच्या पानापासून चित्र विस्कटत असेल आणि लिनक्सवरही तोच अनुभव येत असेल, तर ड्रायव्हरचा नाद सोडावा. चिप तापवून काही दिवस चालू करून देण्याचे प्रकार होतात. परंतु ते टिकत नाहीत, म्हणून त्यावर पैसे घालणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी हार्ड डिस्कमधील माहिती काढून घ्यावी, डिस्क नीट पुसावी आणि यंत्र भंगारवाल्यास न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपवावे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. उघड्यावर जाळलेल्या तारा आणि फोडलेले बोर्ड यांतील शिसे व अन्य विषारी द्रव्ये अखेर आपल्याच मातीत व पाण्यात उतरतात.

परंतु ही पाळी येण्यापूर्वी बायोसचे पान, बाहेरचा मॉनिटर, सेफ मोड आणि पेनड्राइव्हवरील लिनक्स या चार परीक्षा अवश्य कराव्यात. त्यांस एका दुपारपेक्षा अधिक वेळ लागत नाही. शाळेच्या संगणक कक्षात, गावच्या ग्रंथालयात किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात ‘पडदा गेला’ म्हणून बाजूस ठेवलेली यंत्रे असतील, तर संगणकाचे शिक्षण घेतलेल्या तरुणांनी एखादी सुट्टी त्यांच्यासाठी द्यावी. त्यांतील काही यंत्रे केवळ एका ड्रायव्हरवाचून अडलेली असतील, आणि त्यांपैकी एक जरी चालू झाले तरी एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज मुदतीत भरला जाईल.